अष्टपैलू म्हणजे कोण?



स्नेहसंमेलन जवळ आले की आमच्या शिक्षक-कक्षात एक वाद हमखास होतो. यंदाचा 'अष्टपैलू विद्यार्थी' कोण? मग प्रमाणपत्रांच्या फायली उघडतात. वक्तृत्व, चित्रकला, विज्ञान प्रदर्शन, धावणे, नाट्यछटा. ज्याच्याकडे कागद जास्त, तो जास्त अष्टपैलू. गेल्या वर्षी याच मापाने बक्षीस दिले गेले आणि यादीवर सही माझी होती. ती सही चुकली असे आज मला वाटते.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण इंदूरला, हिंदी माध्यमातून झाले. रेडिओवरच्या हिंदी समालोचनात कपिल देवला 'हरफनमौला' म्हणत. शब्द कानाला मोठा गोड. सगळ्या कलांत तरबेज, असा त्याचा अर्थ. आपला 'अष्टपैलू' शब्द हिऱ्याची आठवण करून देतो. दोन्ही शब्दांत झगमगाट आहे, पण संघाच्या गरजेला कोण उभा राहिला, हे दोन्हींत कुठेच येत नाही. ते समजून घ्यायचे तर बापू नाडकर्णींची कारकीर्द पाहावी.

नाशिकला १९३३ साली जन्मलेले बापू डावखुरे फिरकी गोलंदाज आणि फलंदाजही डावखुरेच. १९५५ साली दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी मिळाली, तीसुद्धा विनू मंकड विश्रांती घेत होते म्हणून. बापूंनी नाबाद ६८ धावा केल्या, पण बळी एकही मिळाला नाही. मंकड परतले आणि बापू बाहेर! पुढे ते १९६८ पर्यंत ४१ कसोटी सामने खेळले. १४१४ धावा, ८८ बळी. आकडे पाहून कोणाचे डोळे दिपणार नाहीत.

त्यांचे नाव निघते ते १२ जानेवारी १९६४ च्या दिवसामुळे. मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली. १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. डावाअखेर हिशेब असा: ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. आता खरे सांगायचे तर केवळ या विक्रमाचे मला फार कौतुक नाही. त्या दौऱ्यात इंग्लंडचे खेळाडू आजारांनी बेजार होते, समोरचे फलंदाज नुसता चेंडू अडवत होते, आणि त्या मालिकेतले पाचही सामने अनिर्णित राहिले. पण त्याच डावात चंदू बोर्डे यांनी पाच गडी बाद केले, हे सहसा कोणी सांगत नाही. एका टोकाने धावा आटल्या की फलंदाज दुसऱ्या टोकाकडे हात मोकळे करायला बघतो. हे कळायला कसोटी खेळावी लागत नाही. वाळवंटीच्या काठची शेते कापणीनंतर मोकळी झाली की तिथे टेनिस बॉलने खेळणाऱ्या आपल्या मुलांनाही ते ठाऊक आहे.

याच मालिकेतला कानपूरचा सामना मला जास्त मोलाचा वाटतो. इंग्लंडने ८ बाद ५५९ वर डाव घोषित केला. भारत २६६ मध्ये गारद, वर फॉलोऑन. सामना वाचवायचा होता. ज्याला आपण फक्त निर्धाव षटकांसाठी ओळखतो, त्या बापूंनी पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२ धावा केल्या. दोन्ही डावांत त्यांना कोणी बाद करू शकले नाही. त्यांच्या जोडीला आपले मडगावचे दिलीप सरदेसाई होते, ७९ आणि ८७. (सरदेसाईंची पहिली कसोटीसुद्धा कानपूरलाच, डिसेंबर १९६१ मध्ये. त्याच महिन्यात गोवा मुक्त झाला.) आणि बापूंना बळी घेताच येत नव्हते असेही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मद्रासलाच ऑस्ट्रेलियाचे ११ गडी त्यांनी एका सामन्यात बाद केले. तो सामना आपण हरलो, म्हणून तेही विस्मरणात गेले.

सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून ते त्यावर चेंडू टाकत, असे सांगतात. पुढे ते भारतीय संघाचे सहायक व्यवस्थापक झाले. 'छोडो मत' हे त्यांचे आवडते बोल होते, अशी आठवण सुनील गावसकरांनी जानेवारी २०२० मध्ये बापू गेले तेव्हा सांगितली.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेत आपल्या संघातल्या एका मुलाने चार षटकांत नऊ धावा दिल्या. बळी नाही. नंतर आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद ११. सामना आपण दोन गडी राखून जिंकलो. सामनावीर दुसराच ठरला, त्याबद्दल तक्रार नाही. पण बक्षिसाच्या बैठकीत या मुलाचे नाव कोणी उच्चारलेदेखील नाही. मीही नाही. यंदा तो मैदानावर दिसेना म्हणून मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. ते म्हणाले, "सर, तो धड बॉलर नाही की धड बॅट्समन नाही. एक काही तरी धर म्हटलं, नाही तर सोड."

मी त्यांना काय उत्तर देणार? आम्ही शाळेत तेच तर शिकवले होते! बापूंनाही १९५५ साली दिल्लीहून परतताना कोणी असे म्हणाले असते, तर त्यांना ते खोडून काढता आले नसते.

काही शिक्षकांचे म्हणणे असे की प्रमाणपत्रे निदान मोजता येतात. बाकी सारे मुख्याध्यापकांच्या मर्जीवर जाईल. ही शंका रास्त आहे. म्हणून माझा प्रस्ताव एवढाच, की यंदा फायलींबरोबर स्कोअरबुक, प्रयोगशाळेची नोंदवही आणि नाटकाच्या तालमींची हजेरीही टेबलावर यावी, आणि संघातल्या मुलांना विचारावे की अडचणीच्या वेळी तुमच्यातले कोण उपयोगी पडले. मुले याबाबतीत आपल्यापेक्षा खरे बोलतात, असा माझा अनुभव आहे.

शिक्षक-पालक संघाच्या पुढच्या सभेत हा विषय घेत आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी अवश्य यावे. त्या मुलाच्या वडिलांनाही मी निरोप धाडला आहे. दरम्यान खेळाच्या शिक्षकांनी संघाची यादी अजून बंद केलेली नाही.