नर्सिंगला अभ्यास कशाला?

दहावीनंतर मुलीला आर्ट्सला घालायचं आणि बारावी झाल्यावर म्हणायचं, "आता नर्सिंग कर." आपल्या मोहल्ल्यात हे नेहमीचंच. पण बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. वर राज्याची सीईटी. आर्ट्सवालीला जीएनएम उरतं. ते कमी नाही, पण नाइलाज म्हणून का?

"इंजेक्शन द्यायला सायन्स कशाला?" म्हणणाऱ्यांनो, हे सोडवा: ५ मिलीत ५०० मिलिग्रॅम औषध आहे, डॉक्टरांनी १२५ लिहिलंय. किती भरणार? सव्वा मिली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझी चूक उद्या दुरुस्त होते. चुकून टोचलेलं औषध परत काढता येत नाही.

अम्मी सीपीआरमध्ये असली की बाई नर्सच हवी, आपली मुलगी मात्र त्या कामाला नको! हा दुटप्पीपणा पुरे. शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली. मुलींसाठी आपण निदान अकरावीचा फॉर्म तरी नीट भरू.

बहिणींनो, नर्स व्हायचं असेल तर सायन्स मागा आणि इंग्रजी आजपासून रोज वाचा. भावांनो, तिच्या क्लासची फी भरताना हात आखडू नका.