भिंतीतील तार आणि हवेतील लहर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील म्हणत आले. पैकी पहिल्या अनुभवाची हौस आमच्या इंदुरात अलीकडे फार वाढली आहे. रामबागेत, नारायणबागेत जुनी घरे उतरवून तेथे मजल्यावर मजले चढत आहेत. अध्यापकाच्या नात्याने पालकांकडे जाण्याचा प्रसंग आला की, गृहस्वामी मोठ्या उत्साहाने नकाशा उलगडून दाखवितात. देवघर ईशान्येस, स्वयंपाकघर आग्नेयेस, नळ किती, पंखे किती, सारे योजिलेले असते. परंतु संगणकाच्या जाळ्याविषयी पुसावे, तर उत्तर एकच मिळते : "सर, त्यात काय! कनेक्शनवाला येईल आणि एक डबी लावून जाईल."

या उत्तराशी आमचे भांडण आहे.

भांडण केवळ सोयीपुरते असते, तर वार्षिकांकाची पाने आम्ही अडविली नसती. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या आणि वर्ग घरोघरच्या पडद्यावर भरू लागले. त्या दिवसांत आमच्या वर्गातील एक विद्यार्थिनी उत्तर देता देता मध्येच अंतर्धान पावत असे. आम्ही तिच्या अनास्थेस दोष दिला. हजेरीपटावर लाल शाईही उमटविली. पुढे कळले की, ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून शिकत होती. डबी होती दिवाणखान्यात, दूरदर्शनसंचाच्या मागे. मुलीची अभ्यासाची खोली होती दोन जाड भिंतींपलीकडे. पायरीवर लहर पोहोचे, पण कोणी वर-खाली करू लागले की तिला वही-पुस्तक आवरून उठावे लागे. वेगाचे पैसे वडील दरमहा भरीत होते. वेग मिळत होता तो भिंतीवरच्या संचाला. त्या लाल शाईची आम्हांस आजही लाज वाटते.

'बिनतारी' या शब्दाने आपल्याला भुरळ घातली आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात विद्युत्-लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली, तेव्हा लोक चकित झाले. तो चमत्कार आज घराघरांत आहे. पण भिंत पार करावयाची म्हणजे लहरीस कर द्यावा लागतो, हे आपण विसरतो. आपल्या वायफायच्या लहरी मुख्यत्वे दोन पट्ट्यांत वाहतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील लहर त्याच्या निम्म्याहूनही आखूड. पहिली दूरवर जाते, परंतु तिच्या वाटेत गर्दी फार, कारण ब्लूटूथची साधने व स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह शेगडीही त्याच पट्ट्यात वावरतात. दुसरी चपळ खरी, पण भिंतीपुढे लवकर थकते. आमचे मूळ घर गोव्याकडचे, जांभ्या चिऱ्यांचे. घरात बोलणे कोंकणी आणि भिंती हातभर जाड! तेथे ओसरीवरचा मोबाइल उत्तम चालतो आणि माजघरात नेला की मुका होतो. इंदूरकरांस गोव्याला जावयास नको; आपला राजवाडा डोळ्यांपुढे आणावा. त्याचे खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. लाकडातून लहर सहज निघून जाईल; दगडापाशी अडखळेल. लोखंडी सळ्यांची स्लॅब, मोठा आरसा, पाण्याची टाकी हेही तिचे वैरीच.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. हवा सर्वांची सामाईक. १९७१ साली हवाई बेटांवरील विद्यापीठाने 'अलोहा' नावाचे बिनतारी जाळे उभारले. त्यात नियम असा की, कोणत्याही यंत्राने वाटेल तेव्हा बोलावे. दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळले, तर दोघांनीही कमीअधिक वेळ थांबून पुन्हा बोलावे. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्सच्या संशोधनशाळेत ही कल्पना तारेवर आणली, तिला आधी कान देऊन मग बोलण्याची शिस्त लावली आणि ईथरनेट जन्मास आले. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तार व मध्यभागी स्विच अशी रचना झाली, तेव्हा तारेवरची टक्कर संपली. हवेत मात्र आजही पाळी लावूनच बोलावे लागते. एका डबीवर दहा यंत्रे असतील, तर ती एका पंगतीत बसलेली आणि वाढपी एकच, असे समजावे. शेजारच्या तीन घरांच्या डब्याही त्याच पट्ट्यात असल्या, तर तो वाढपी त्यांच्याही पंगतीत अडकतो.

यास्तव आमचे मत असे की, जे जागचे हलत नाही त्याला तार द्यावी आणि जे हातातून फिरते त्याला लहर द्यावी. दूरदर्शनसंच, टेबलावरचा संगणक, दारावरचा कॅमेरा ही मंडळी तारेवर गेली की मोबाइलसाठी हवा मोकळी होते. विद्यार्थ्यांनी एका रविवारी कागद घेऊन घराचा नकाशा काढावा व अशा स्थिर वस्तूंवर खुणा कराव्यात. पहिली खूण अभ्यासाच्या टेबलावर करावी, दूरदर्शनावर नव्हे. येथे वडिलांशी थोडा वाद झाला तरी चालेल.

नकाशा झाला की घराच्या मध्याजवळ एक जागा निवडावी. तेथून प्रत्येक खुणेपर्यंत स्वतंत्र तार न्यावी. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी आगगाडी जोडू नये. बाहेरून येणारा प्रकाशतंतू दारापाशी थांबत असेल, तर तेथून या मध्यापर्यंतही एक तार हवी. तार 'कॅट-६' प्रतीची घ्यावी. तिच्यात तांब्याच्या आठ बारीक तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरचा विद्युत्-उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच उमटतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो; बीजगणित आवडणाऱ्या मुलांना यात गंमत वाटेल. अशा तारेची मर्यादा १०० मीटरची, म्हणजे आपल्या घरांना पुरून उरणारी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तारही मिळते. ती लवकर तुटते व दूरवर दगा देते. शुद्ध तांब्याची आहे ना, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

विजेच्या तारांच्या नळीतून ही तार कदापि नेऊ नये. तिची नळी वेगळी असावी, वीजवाहिनीपासून अंतर राखावे, आणि ओलांडणे भागच पडले तर काटकोनात ओलांडावे. नळीत एक मोकळा दोरा सोडून ठेवावा. दहा वर्षांनी नवी तार ओढावयाची झाली तर भिंत फोडावी लागणार नाही. गिलाव्याआधी या कामास येणारा खर्च फरशीच्या एखाद्या नक्षीहून जास्त नसतो. गिलाव्यानंतर तेच काम धूळ, मजुरी आणि घरातील कुरबूर घेऊन येते.

१९७८ मध्ये नर्मदेचे पाणी इंदुरात आले. सुमारे ७० किलोमीटरांवरून, घाट चढवून आणलेले ते पाणी दाराशी आले तरी घरातील नळ गळका असेल तर हंडा भरत नाही. दाराशी आलेल्या वेगाचेही तसेच आहे. वेग कमी पडला की लोक अधिक वेगाची योजना घेतात! वस्तुतः आधी एक संगणक तारेने थेट डबीला जोडून वेग मोजावा. तारेवर पुरा आणि हवेत अपुरा मिळाला, तर दोष घरातला. तारेवरही अपुरा असेल, तर खुशाल तक्रार करावी. मोजताना एवढे ध्यानी असावे की, कंपनी बिटांत बोलते आणि आपला संगणक फाईल उतरविताना बहुधा बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटांचा वेग म्हणजे सेकंदास साडेबारा मेगाबाइट. यात फसवणूक नाही, भागाकार आहे.

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आम्हीही भाड्यानेच राहतो. तेथे भिंतीच्या कडेने प्लॅस्टिकच्या पट्टीतून तार न्यावी. दिसावयास ती सुंदर नाही. लहर पुढे फेकणारे जे स्वस्त यंत्र मिळते, ते बहुधा एकाच पट्ट्यात ऐकते आणि तेच पुन्हा बोलते. त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा दूरच्या खोलीत तारेने जोडलेली दुसरी डबी बरी. डबी उंचावर व उघड्यावर ठेवावी, कपाटात कोंडू नये; आणि कारखान्यातून आलेला तिचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. वीज गेल्यावर वर्ग तुटू नये म्हणून डबीपुरती लहानशी बॅटरीही मिळते. दोन इमारतींमध्ये मात्र उघड्यावरून तांब्याची तार ताणू नये. पावसाळ्यात वीज कडाडली तर तीच तार संकट घरात आणते. तेथे प्रकाशतंतूच योग्य.

त्या विद्यार्थिनीच्या घरी मागील वर्षी रंगकाम निघाले, तेव्हा तिच्या वडिलांनी आम्हांस बोलावून घेतले. जिन्याच्या कडेने पट्टी ठोकून तार वर नेली. एकूण बावीस मीटर लागली. ती आता महाविद्यालयात शिकते. टेबल तिच्या धाकट्या भावाकडे आले आहे, आणि टेबलामागच्या भिंतीवरचे ते खोबण त्याने स्वतः, आठही रंगांच्या तारा क्रमाने लावून, दुसऱ्या प्रयत्नात बसविले.