तांदळातले नाव आणि कागदावरचे नाव

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिले जाते. मराठी घरातला हा हृद्य सोहळा. काही घरांत आडनावाबरोबर पाळण्यातले नावही तिथेच मिटते. मुलीच्या नावामागे एकही प्रमाणपत्र नसे, त्या काळी यात काही अडत नव्हते. कल्याणची यमुना विवाहानंतर आनंदी झाली. १८८३ साली ती अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, ती सासरी मिळालेल्या नावानेच.

आज वधू सासरी येते ती शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि पदवी घेऊन. हे सारे माहेरच्या नावाचे असते. पुढे हौसेने पारपत्र सासरच्या नावाचे होते आणि परदेशी विद्यापीठात अर्ज करताना पेच पडतो. टोफेल, जीआरई या परीक्षांची नोंदणी पारपत्रावरील नावाने, पदवी दुसऱ्याच नावाची, तर शिफारसपत्र देणारे प्राध्यापक तिला जुन्याच नावाने ओळखणारे. तिथल्या अधिकाऱ्याला तांदळाचे ताट ठाऊक नसते. त्याला पुरावा हवा असतो.

वास्तविक विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे, असे हिंदू विवाह कायदा सांगत नाही. पारपत्रावरील नाव बदलण्याची गरज नाही, हे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही २०१७ मध्ये स्पष्ट केले. तरीही नाव बदलायचेच असेल, तर ते रीतसर बदलावे. विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र आणि राजपत्रातील प्रसिद्धी हाताशी ठेवावी. अर्जात पूर्वीचे नाव नमूद करावे. शिफारसपत्रात दोन्ही नावे यावीत. अर्धे कागद एका नावाचे आणि अर्धे दुसऱ्या नावाचे, ही अवस्था सर्वांत वाईट.

यात संस्कृती बुडते, असे कोणी म्हणेल. पण अयोध्येची कुलवधू झालेली सीता जानकी आणि मैथिली या नावांनीही वंदनीय राहिली. इंद्रप्रस्थाची सम्राज्ञी पांचालीच राहिली. त्यांच्या कुलधर्मात त्यामुळे काही उणे आले नाही. घर जोडले जाते ते सुनेच्या आपुलकीने आणि सासरच्या मायेने.

तांदळातले नाव घरात प्रेमाने हाक मारण्यासाठी असावे. कागदावरचे नाव तिच्या कष्टाच्या विद्येचे असते. ते बदलायचे की नाही, हे तिला विचारूनच ठरावे आणि साखरपुड्याच्या बैठकीतच ठरावे. मानपानाच्या यादीवर तासन्‌तास बोलणाऱ्या दोन कुटुंबांना या एका प्रश्नासाठी दहा मिनिटे सहज काढता येतील.