रेघ वर गेली म्हणजे पेपर वाढले असं नाही!

परवा आमच्या पत्रकारांच्या ग्रुपवर वाद रंगला. विषय काय, तर ब्रिटन आणि फ्रान्स वर्षाला किती किमतीचा न्यूजप्रिंट बाहेरून आणतात, याची तुलना. एक म्हणतो, आकडा चढला म्हणजे पेपर जोरात आहेत. दुसरा म्हणतो, उतरला म्हणजे पेपर संपले. मी म्हणतो, दोघंही चुकताय.

आयातमूल्य म्हणजे टन गुणिले दर. समजा, १०० टन कागद ५०० डॉलरने घेतला. झाले ५०,०००. पुढे ६० टनच घेतला, पण ९०० डॉलरने. झाले ५४,०००. मूल्य वाढलं, कागद मात्र ४० टक्के घटला! २०२२ मध्ये युरोपात दर असेच भडकले. गॅस आणि वीज महागली, युक्रेनचं युद्ध पेटलं, त्यात फिनलंडच्या यूपीएम कंपनीत जानेवारी ते एप्रिल संप.

दुसरी गोष्ट मिलची. ब्रिटनमध्ये केंटमधली आयल्सफर्डची मिल २०१५ मध्ये बंद पडली. वेल्समधली शॉटनची २०२१ मध्ये विकली गेली, तीही खोक्यांचा पुठ्ठा बनवायला. फ्रान्समध्ये रुआँजवळच्या शापेल दार्ब्ले मिलमधलं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. गोल्बेच्या मिलने दोनपैकी एक मशीन पुठ्ठ्याकडे वळवायचं ठरवलं. ऑनलाइन खरेदीच्या खोक्यांना गिऱ्हाईक आहे, पेपरला नाही. घरची मिल गेली की उरलेल्या पेपरांनाही कागद बाहेरून आणावा लागतो. म्हणजे वाचक घटत असतानाही आयात वाढू शकते.

तिसरं, चलन. जून २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर पौंड गडगडला. पौंडात ठरलेला तोच सौदा डॉलरच्या तक्त्यात लहान दिसायला लागला. फ्रान्सचा व्यवहार युरोत. मग दोन रेघा शेजारी ठेवून काय कळणार?

म्हणून आधी टन बघा, मग देशात मिल किती उरल्या ते बघा, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

तुम्ही म्हणाल, युरोपचं आपल्याला काय? आपल्याकडेही न्यूजप्रिंटचा मोठा वाटा बाहेरूनच येतो. तिकडे मिल बंद पडली की इकडच्या छापखान्यात रीळ महाग होतं. त्यात २०१९ च्या बजेटमध्ये १० टक्के आयातशुल्क लागलं. ओरड झाल्यावर २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आणलं. २०२२ मध्ये आम्ही आमच्या साप्ताहिकाची ८ पानांची ४ पानं केली. जाहिराती राहिल्या. गेलं काय? ग्रामसभेचं वृत्त, बाजार समितीचे भाव, जिल्हा परिषद शाळेच्या गळक्या छताची बातमी. त्या छताची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी दिली नाही, आणि पुढच्या पावसात पोरं पुन्हा व्हरांड्यात बसली.

तेव्हा माझं स्पष्ट मत, पेपरचा कागद ही चैनीची वस्तू नाही. त्यावर शुल्क लावणाऱ्यांनी तिजोरीत किती रुपये आले एवढंच मोजू नये. किती पानं कमी झाली, तेही मोजावं.

तुमच्या गावात अजून पेपर येतो का? किती पानांचा? आणि त्यात तुमच्या गावची शेवटची बातमी कधी वाचली होती? कमेंटमध्ये नक्की सांगा.