चोरून टिपलेला चेहराच खरा?

रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांत एक मत वेदवाक्यासारखं चालतं: माणसाला कॅमेऱ्याची चाहूल लागली की फोटो गेला. विचारलंत की बाई पदर सारखा करते, बुवा ओठ ताणून हसतो. म्हणून फोटोग्राफरने अदृश्य असावं. दाखल्याला माणसंही मोठी आहेत. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या टेपने झाकत असे. वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा दडवून समोरचे प्रवासी टिपले.

हा पूर्वपक्ष हलका नाही. इव्हान्सचे ते थकलेले, कुठेच न पाहणारे चेहरे विलक्षण आहेत. पण बेसावध माणूस चोरूनच सापडतो, हा त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. आपल्याला कोणी पाहत नाही असं वाटतं तेव्हा माणूस बेसावध असतो; तसाच पाहणाऱ्याची सवय झाली की असतो. दुसरी वाट लांबची, एवढंच.

मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीत छायाचित्रकार मेरी एलन मार्कने आधी कित्येक वर्षं येता-जाता फोटो काढून पाहिले. तिथल्या बायकांनी तिच्यावर कचरा फेकला, पाणी ओतलं. १९७८ साली ती परत आली आणि रोज त्याच रस्त्यावर जाऊन उभी राहू लागली. शिव्या खाल्ल्या, पण हटली नाही. हळूहळू काहीजणींशी मैत्री जमली आणि दारं उघडली. १९८१च्या तिच्या ‘फॉकलंड रोड’ पुस्तकात पडद्याआडच्या त्या खोल्या आतून दिसतात. लांब लेन्स तिथवर पोचलीच नसती. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रं काढली, तीही फुटपाथवरून जाता जाता मिळणारी नव्हेत.

उलट रविवारी पहाटे दादरच्या फुलबाजारात जाऊन पाहा. ‘फोटोवॉक’ला आलेला घोळका झेंडूच्या ढिगाभोवती कोंडाळं करतो. बाईच्या तोंडापासून हातभर अंतरावर लेन्स. ती मान वळवते, पाटी पुढे ओढते. एखादी सरळ सुनावते, “घ्यायचं नसेल तर बाजूला व्हा, गिऱ्हाईक अडतंय.” मग फोटोत येतो तो तिचा वैताग, आणि खाली ओळ पडते ‘मुंबईचा आत्मा’! तिथेच कोणी शेवंतीचा भाव विचारून, चार गोष्टी बोलून थोडा वेळ टेकला, तर तिचे हात पुन्हा सुई-दोऱ्याकडे वळतात. कॅमेरा समोर असला तरी.

दुसरा युक्तिवाद कायद्याचा: जागा सार्वजनिक आहे, मग विचारायचं कशाला? फिलिप-लोर्का डिकोर्शियाने टाइम्स स्क्वेअरमध्ये नकळत टिपलेल्या एका वृद्ध ज्यू गृहस्थांनी धर्माचं कारण देत दावा लावला. २००६ साली न्यूयॉर्कच्या कोर्टाने तो फेटाळला. निकाल मला मान्य आहे. प्रत्येक फोटोला सहीचा कागद लागू लागला, तर लाठीमाराचे फोटो कोण काढणार? पण ज्याला शिक्षा होत नाही ते सगळं करावंच, असं कोर्टानेही म्हटलेलं नाही.

आणि नकार आला तर? १९८९ साली दयानिता सिंग एका ब्रिटिश वृत्तपत्रासाठी दिल्लीत हिजड्यांचे फोटो काढत होत्या. त्यांतल्या मोना अहमदने काढू दिले. पण ते ब्रिटनमध्ये छापले जाणार हे कळताच, तिथल्या नातेवाइकांच्या नजरेला पडतील म्हणून तिने रोल परत मागितला. दयानितांनी तो देऊन टाकला. अदृश्यपंथीयांच्या हिशेबाने हा निव्वळ तोटा. पण तिथून जी मैत्री सुरू झाली ती २०१७ साली मोना गेली तोवर टिकली, आणि २००१ साली ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक निघालं. त्यातला मजकूर मोनाचा स्वतःचा आहे. तो पहिला रोल छापला गेला असता, तर ती ‘दिल्लीतली एक हिजडा’ एवढ्यावरच उरली असती.

धावत्या गर्दीत आधी विचारणं जमत नाही, हे कबूल. आधी काढा. मग कॅमेरा खाली घ्या, स्क्रीन दाखवा. समोरची व्यक्ती नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसा; हवा म्हणाली तर नंबर घ्या आणि त्याच संध्याकाळी पाठवा. वारीत दिवे घाटात दरवर्षी ‘माऊली, पाठवतो हं’ म्हणणारे कॅमेरेवाले ढिगाने भेटतात. त्यांतल्या किती जणांचा फोटो पुढे गावी पोचतो, हे एकदा वारकऱ्यांनाच विचारून पाहावं.