टेन्शन नाही, मग बीपी कशाचा?

बीपीची गोळी परस्पर बंद करून नाशिकच्या सरकारी दवाखान्यात येणारे रुग्ण कारण सांगतात, ‘मुलीचं लग्न झालं, कर्ज फिटलं. आता टेन्शनच नाही, मग गोळी कशाला?’ हा युक्तिवाद चुकतो तो एका शब्दामुळे.

‘टेन्शन’ इंग्रजीतून आला, पण मूळ लॅटिन. ‘टेंडेरे’ म्हणजे ताणणे. संस्कृतातील ‘तन्’ धातू त्याच कुळातला. आपला ‘ताण’, गवयाची ‘तान’ आणि येवल्याच्या मागावरचा ‘ताणा’ही तिथलेच. इंग्रजीत सोळाव्या शतकात आलेल्या या शब्दाचा अर्थ आधी नुसता ताणले जाणे असा होता. मनाचा ताण हा अर्थ पुढे जडला.

डॉक्टरांच्या ‘हायपरटेन्शन’मध्ये मात्र मनाचा नव्हे, रक्तवाहिन्यांतील दाबाचा अर्थ आहे. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, की हे निदान होते. राग, काळजी यांनी दाब तेवढ्यापुरता चढतो, हे खरे. पण वय, आनुवंशिकता, जास्त मीठ, वजन आणि दारू यांमुळे वाढलेला दाब माणूस हसतखेळत असतानाही चढलेलाच राहतो. बहुतेकांना त्रास काहीच जाणवत नाही. कळते ते थेट पक्षाघात झाल्यावर किंवा मूत्रपिंडे बिघडल्यावर.

या शब्दाने उलट बाजूनेही नुकसान होते. कांद्याचा भाव पडलेला निफाडचा शेतकरी ‘लई टेन्शन आहे’ म्हणतो, तेव्हा त्यात भीती असते, उदासी असते, कधी जगणे नकोसे झालेले असते. बीपी मोजून ‘नॉर्मल आहे, जा घरी’ म्हटले, तर खरा आजार तसाच परत जातो.

म्हणून ‘टेन्शन’ हा शब्द ऐकला की डॉक्टरांनी दोन्ही तपासावे: दाब यंत्राने आणि मन विचारपूस करून. झोप लागते का, भूक आहे का, मनात कोणते विचार येतात, हे विचारायला पाच मिनिटे पुरतात. घरच्यांनाही ते विचारता येते. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. रक्तदाबाची तपासणी तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आणि गोळी कमी करायची की बंद, हे मोजलेल्या आकड्यावरून डॉक्टर ठरवतील. घरातले कार्य पार पडले म्हणून ती थांबवू नये.