कर्ज त्यांचं, जामीन आपली जमीन



साहेब लोकांच्या तोंडी हल्ली एक शब्द फार आहे: 'जबाबदार गुंतवणूक'. धरण असो, वीजघर असो, मोठा रस्ता असो, पैसे देणारी बँक म्हणते, आम्ही नुसते पैसे देत नाही, पर्यावरणाची आणि समाजाची जबाबदारी घेऊन देतो. त्यासाठी धोरण आहे, आराखडा आहे, देखरेखीला अधिकारी आहेत. ऐकायला बरं वाटतं. पण या जबाबदारीचा अनुभव आपल्या सातपुड्याने घेतलेला आहे. त्याचा हिशेब मांडल्याशिवाय या शब्दाला मान डोलवायची नाही, असं माझं म्हणणं आहे.

गावात सावकार कर्ज देतो तेव्हा जामीन मागतो. जामीन राहणाऱ्याला निदान विचारतात, त्याचा अंगठा घेतात. इथे कर्ज सरकार घेतं नाहीतर कंपनी घेते, व्याज ते ठरवतात, आणि जातं काय? आपलं शेत, आपला महू, आपली नदी. अंगठा सुद्धा कोणी मागत नाही.

1985 साली जागतिक बँकेने सरदार सरोवर धरण आणि त्याच्या कालव्यासाठी 45 कोटी डॉलरचा करार केला. महाराष्ट्रातली 33 गावं त्यात जाणार होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. तेव्हा आपला जिल्हा धुळेच होता. माझा तर जन्म पण नव्हता. आता गंमत बघा. आदिवासींच्या बाबतीत बँकेचं स्वतःचं धोरण 1982 सालीच लिहून तयार होतं. त्यांच्या वहिवाटीच्या हक्काला मान द्यायचा, असं त्यात होतं. म्हणजे सही करताना नियम टेबलावर होता. पण सरकारी दप्तरात आपल्यातल्या कित्येकांची शेती म्हणजे 'अतिक्रमण'. बापजाद्यांपासून ज्वारी पेरणारा माणूस कागदावर भूमिहीन. नर्मदा लवादाने 1979 साली सांगितलं होतं की ज्या खातेदाराची पाव हिश्श्यापेक्षा जास्त जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन द्या, कमीत कमी 2 हेक्टर. चांगलं आहे. पण खातेदार कोण, हे तलाठ्याच्या वहीवरून ठरायचं. आणि तलाठी किती वेळा डोंगर चढून वर आला, ते जुन्या माणसांना विचारा.

पर्यावरणाचं तर बोलूच नका. केंद्राच्या पर्यावरण खात्याची मंजुरी आली 1987 साली, कर्जाच्या करारानंतर दोन वर्षांनी. ती पण अटीवर, की राहिलेले अभ्यास पुढे पुरे करा. बैल आधी विकत घेतला आणि दात मागून मोजले.

लोक उठले. मणिबेलीच्या लोकांनी घर सोडायला नकार दिला. देशात आणि बाहेरच्या देशांत आवाज झाला, तेव्हा बँकेला 1991 साली बाहेरच्या माणसांची तपास समिती बसवावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स तिचे अध्यक्ष आणि कॅनडाचे थॉमस बर्जर उपाध्यक्ष. बँकेच्या कामाचा असा तपास त्याआधी कधी झाला नव्हता. जून 1992 मध्ये अहवाल आला. आहे त्या परिस्थितीत सगळ्यांचं पुनर्वसन होऊ शकत नाही, पर्यावरणाचा विचार नीट झालेला नाही, बँकेने मागे सरून पुन्हा विचार करावा, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. हे आंदोलनवाल्यांनी लिहिलेलं नाही, बँकेने नेमलेल्या माणसांनी लिहिलेलं आहे.

मग बँकेने काय केलं? ऑक्टोबर 1992 मध्ये आणखी सहा महिन्यांची मुदत दिली. मुदत संपता संपता, मार्च 1993 च्या शेवटी, भारत सरकारने कळवलं की उरलेले 17 कोटी डॉलर आम्हाला नकोत. बँक सुटली. त्याच पावसाळ्यात मणिबेलीच्या घरांत पाणी शिरलं.

बँकेला जावं लागलं ही लोकांची जीतच होती, त्यात मला शंका नाही. पण तिच्या पैशातून जी भिंत उभी राहिली ती काही बँकेबरोबर परत गेली नाही. पुनर्वसनाच्या अटी कर्ज फिटेपर्यंत लागू होत्या, पण कागदावर. त्या बघायला डोंगरात कोण आलं? वसुली मात्र बँकेने सोडली नाही. खरं दुखणं इथे आहे. यांची जबाबदारी हप्त्याबरोबर येते आणि हप्त्याबरोबर जाते. बुडालेलं शेत तसं येत-जात नाही.

कोणी म्हणेल, हे जुनं झालं, आता बँक सुधारली. थोडं खरं आहे. नर्मदेच्या लढ्यामुळेच बँकेला 1993 साली तपास पॅनेल नेमावं लागलं, लोकांच्या तक्रारी ऐकायला. पण कागद नसलेल्या माणसाला न मोजायची सवय गेली का? त्यासाठी कच्छच्या समुद्रावर चला. मुंद्र्याला 4,000 मेगावॅटचा कोळशाचा वीज प्रकल्प झाला. जागतिक बँकेच्या गटातली एक संस्था फक्त खाजगी कंपन्यांना पैसे देते. तिने 2008 साली त्याला कर्ज दिलं, योगायोग बघा, तेही 45 कोटी डॉलर. तिथले मच्छीमार वर्षातले बरेच महिने किनाऱ्यावर झोपड्या करून राहतात, मासे सुकवतात, पावसाळ्यात गावी जातात. प्रकल्पाच्या कागदांत त्यांची नीट दखलच नव्हती. 2011 साली त्यांनी तक्रार केली. संस्थेच्या स्वतःच्या लोकपाल कार्यालयाने 2013 साली मान्य केलं की या लोकांना विचारलं जाईल हे संस्थेने नीट पाहिलं नाही. मान्य केलं, आणि पुढे? भरपाई द्यायला लावायचा अधिकार त्या कार्यालयाला नाही. मच्छीमार अमेरिकेच्या कोर्टात गेले. संस्था म्हणाली, आमच्यावर खटलाच चालत नाही. 27 फेब्रुवारी 2019 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 1 मतांनी सांगितलं, असं पूर्ण संरक्षण तुम्हाला नाही. मोठा विजय होता. पण नंतर खालच्या कोर्टाने हे प्रकरण मुळात भारतात घडलेलं आहे म्हणून खटला काढून टाकला. पैसे द्यायला अमेरिका-भारत एक, जाब द्यायची वेळ आली की वेगळे!

आता 2018 पासून जागतिक बँकेची नवी चौकट लागू आहे. काही बाबतीत, जमिनीवर परिणाम होणार असेल किंवा उठवायचं असेल तर, आदिवासींची संमती आधी, मोकळेपणी आणि पूर्ण माहिती देऊन घ्यायची, असं त्यात लिहिलेलं आहे. हे आपल्या कामाचं आहे, टाकून देऊ नका. पण पुढे वाचा. काही जणांनी, काही गटांनी उघड विरोध केला तरी संमती झाली असं धरता येतं. आणि संमती मिळाली की नाही, हे ठरवणार बँक. पंच त्यांचाच.

म्हणून आपली ग्रामसभा आपण बळकट धरायची. सर्व्हेवाला पाड्यात आला तर कंपनीचं नाव सगळे विचारतात. त्याच्यामागे पैसा कोणाचा, ते पण लेखी विचारा. कधी मोठी बँक लहान बँकेला देते, लहान बँक कंपनीला देते, आणि गावात कोणालाच पत्ता नसतो. परिणामांचा अहवाल आणि पुनर्वसन आराखडा मराठीत मागा, आणि तो आपल्या बोलीत सभेत वाचून दाखवायला लावा, बायामाणसं हजर असताना. वनहक्काचा दावा ज्यांनी अजून टाकला नाही त्यांनी आधी टाका. 2006 च्या कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे दाव्याची तपासणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत हटवता येत नाही. आणि ज्याचा दावाच नाही त्याला बँकेचा माणूस पण मोजणार नाही.

सरकारला दिलेलं कर्ज असेल तर तक्रार तपास पॅनेलकडे जाते, कंपनीला दिलेलं असेल तर लोकपाल कार्यालयाकडे. पॅनेलला दोन माणसांनी मिळून अर्ज केला तरी चालतो, आपल्या भाषेत चालतो, आणि नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. कर्ज बंद झाल्यावर 15 महिन्यांपर्यंत तो घेतला जातो, पण तोवर थांबू नका, भिंत उभी राहायच्या आधी करा. अर्जाला ग्रामसभेचा ठराव जोडा. ठरावाची नक्कल गावात दोन घरी ठेवा, आणि पोच घेतल्याशिवाय मूळ कागद कोणाही साहेबाच्या हातात देऊ नका.